धडा उघडत नाही, पडदा कोरा राहतो

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत आणि व्हॉट्सअ‍ॅप निरोपांत गेले काही महिने एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते आहे. घरात संगणक आहे, इंटरनेट आहे, अभ्यासक्रमाची फी भरून झाली आहे, पासवर्डही बरोबर आहे. पण धड्यावर क्लिक केले की करड्या चौकटीत कोड्याच्या तुकड्याचे चित्र येते आणि खाली इंग्रजीत लिहिलेले असते की हे प्लग-इन चालत नाही. कोणाकडे चौकटही येत नाही, नुसता पांढरा पडदा. कोणाचा व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो, पण नावापुढे ‘पूर्ण’ अशी खूण काही पडत नाही.

त्यातले एक पत्र तालुक्याच्या गावातल्या एका सासूबाईंचे आहे. त्यांची सून घरी बसून बालवाडी शिक्षिकेचा अभ्यासक्रम करते. दोन्ही लेकरे झोपली की रात्री अकराला ती संगणकापुढे बसते. आठपैकी पाच घटक झाले आणि सहावा उघडेना. धाकट्या दिराने कुठून तरी ‘फ्लॅश प्लेअर’ शोधून तो संगणकात घातला, तेव्हापासून पडद्यावर नको नको त्या जाहिराती उघडतात. दुकानदार म्हणाला, मशीन जुने झाले, नवे घ्या. महिनाअखेर घटक पूर्ण झाला नाही तर प्रमाणपत्र पुढच्या वर्षावर जाते. सासूबाई विचारतात, “पोरीने रात्री जागून केलेली मेहनत वाया जाऊ नये. बचतीतले पैसे मोडून नवे मशीन घ्यावे का?”

नको. नव्या मशीनवरही तो घटक असाच कोरा दिसेल. बिघाड त्यांच्या घरात नाहीच.

हे नीट समजण्यासाठी प्लग-इन म्हणजे काय ते आधी पाहू. ब्राउजर म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी यांसारखे, ज्यातून आपण वेबसाइट उघडतो ते साधन. सुरुवातीच्या ब्राउजरला अक्षरे आणि चित्रे दाखवता येत. व्हिडिओ, हलणारी चित्रे, आवाज हे त्याला जमत नसे. आपल्या घरातल्या शिलाई मशीनचे पाहा. सरळ शिलाई ते मुळातच करते, पण चेन लावायची असेल तर वेगळा फूट बसवावा लागतो. तसे ब्राउजरला व्हिडिओ दाखवण्यासाठी दुसऱ्या कंपनीचा तुकडा बसवावा लागे. तो तुकडा म्हणजे प्लग-इन. फ्लॅश, जावा, सिल्व्हरलाइट, शॉकवेव्ह ही त्यातली मोठी नावे.

फ्लॅशचा जन्म १९९६ चा. फ्युचरस्प्लॅश या नावाने ते आले, त्याच वर्षी मॅक्रोमीडिया कंपनीने घेतले आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियासकट अ‍ॅडोबीकडे गेले. पंधरा-वीस वर्षे जगभरचे ऑनलाइन धडे बहुतेक त्यातच तयार होत. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, बटन दाबले की हृदयाचे ठोके पडतात, शेवटी पाच प्रश्नांची चाचणी येते, हे सारे फ्लॅशमध्ये सोपे होते. पण त्याच तुकड्यातून संगणकात चोरवाटाही पडत होत्या. एक भोक बुजवावे तर दुसरे निघे. शिवाय मोबाइलवर ते कधी नीट रुळलेच नाही. आयफोनने फ्लॅशला दार उघडलेच नाही. अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी एप्रिल २०१० मध्ये जाहीर पत्र लिहून त्याची कारणे सांगितली. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०११ मध्ये, अ‍ॅडोबीने मोबाइलसाठी फ्लॅश बनवणे थांबवले. तोवर ब्राउजर स्वतःच व्हिडिओ आणि हलणारी चित्रे दाखवायला शिकले होते. त्या पद्धतीला एचटीएमएल-५ म्हणतात. ती २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये अधिकृत ठरली.

मग एकेक दार बंद होत गेले. क्रोमने २०१५ मध्ये जुन्या पद्धतीची प्लग-इन बंद केली, त्यात जावा आणि सिल्व्हरलाइट गेले. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकी सारी काढली. फ्लॅश तेवढे उरले होते. त्याचा आधार अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी संपवला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून आधीच बसवलेला फ्लॅश प्लेअरही चित्र दाखवायला नकार देऊ लागला. ही तारीख त्याच्या आतच लिहून ठेवलेली होती. तीन वर्षे आधी सांगूनही सगळे तयार नव्हते. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे काही अर्ज फ्लॅशमध्ये होते. ते चालावेत म्हणून त्या खात्याने जानेवारी २०२१ मध्ये स्वतःचा वेगळा ब्राउजरच काढला! एका देशाच्या कर खात्याची ही तऱ्हा, तर एखाद्या छोट्या शिक्षणसंस्थेच्या सर्व्हरवर दहा वर्षांपूर्वीचा एक घटक तसाच पडून राहिला यात नवल नाही.

यातून एक गोष्ट पक्की धरावी. आज जो कोणी ‘तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला आहे, इथे दाबा’ असे म्हणतो, तो खोटे बोलतो. फ्लॅशची नवी आवृत्ती अ‍ॅडोबी काढत नाही. त्या नावाने जे उतरते ते बहुधा जाहिराती दाखवणारे, कधी पासवर्ड चोरणारेही असते. सासूबाईंच्या घरी नेमके हेच झाले. दिराचा हेतू चांगला होता, त्याला कोणी रागावू नये. पण तो प्रोग्राम कंट्रोल पॅनेलमधून काढून टाकावा, ब्राउजरच्या यादीत न ओळखीचे काही बसले असेल तर तेही काढावे, विंडोजमधल्या सुरक्षा प्रोग्रामने पूर्ण तपासणी करावी. त्यानंतर, शक्यतो दुसऱ्या फोनवरून, ई-मेल आणि बँकेचे पासवर्ड बदलावेत. हा क्रम उलटा करू नये. चोर घरात असताना कुलूप बदलून उपयोग नसतो.

मग सहाव्या घटकाचे काय? तो संस्थेनेच दुरुस्त करायचा आहे, आणि ते काम वाटते तेवढे मोठे नसते. असे धडे कॅप्टिव्हेट किंवा आर्टिक्युलेट यांसारख्या साधनांत बनवलेले असतात. मूळ फाइल जपून ठेवलेली असेल तर त्या साधनांच्या नव्या आवृत्तीतून तोच धडा एचटीएमएल-५ मध्ये पुन्हा काढता येतो. आम्ही सूनबाईंना सांगितले की फोन करून ‘धडा उघडत नाही’ एवढेच म्हणू नका. तिकडून ‘दुसऱ्या संगणकावर पाहा’ असे उत्तर येते आणि आठवडा निघून जातो. लेखी पाठवा. पडद्याचा फोटो जोडा, त्यात घटकाचा क्रमांक, पत्त्याची पट्टी आणि तारीख-वेळ दिसू द्या. ब्राउजरचे नाव आणि आवृत्ती लिहा. दुसऱ्या संगणकावर आणि दुसऱ्या ब्राउजरमध्येही तसेच होते हे करून पाहून लिहा. आणि शेवटी दोन मागण्या स्पष्ट करा: हा घटक नव्या पद्धतीत द्यावा, तोवर त्याचा मजकूर पीडीएफमध्ये द्यावा आणि मुदत वाढवून मिळावी. त्यांनी तसे पाठवले. चौथ्या दिवशी पीडीएफ आली, मुदत पंधरा दिवसांनी वाढली. घटक मात्र आम्ही हे लिहीपर्यंत तसाच आहे.

संस्था दाद देत नसेल आणि धडा फक्त वाचण्या-पाहण्यापुरता हवा असेल, तर ‘रफल’ नावाचे एक मोफत साधन आहे. ते फ्लॅश नव्हे. फ्लॅशच्या फाइली सुरक्षित रीतीने वाचून दाखवणारे वेगळे सॉफ्टवेअर आहे. इंटरनेट आर्काइव्ह या मोठ्या संग्रहाने २०२० पासून जुन्या फ्लॅश चित्रांसाठी तेच वापरले आहे. जुन्या घडणीच्या फाइली त्यात चांगल्या चालतात, नंतरच्या काळातल्या काही अर्धवट चालतात. धडा दिसला तरी चाचणीचे गुण संस्थेकडे पोचतीलच असे नाही, हे लक्षात असू द्यावे.

शाळकरी मुलांच्या विज्ञानासाठी तर असली खटपट नकोच. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ नावाचा प्रकल्प आहे. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. वीजमंडल जोडून पाहणे, लंबक हलवणे, अपूर्णांकांचे तुकडे करणे असे घरबसल्या करायचे प्रयोग त्यात आहेत. पूर्वी ते जावा आणि फ्लॅशवर चालत, म्हणून जुन्या शिक्षकांनी दिलेले दुवे कधी उघडत नाहीत. आता त्यातले पुष्कळसे एचटीएमएल-५ मध्ये आले आहेत, फोनवरही चालतात, आणि बरेचसे मराठीतही मिळतात. एक पैसाही लागत नाही. मुलांच्या अब्बांनी एकदा सोबत बसून वीजमंडलाचा प्रयोग करून पाहावा. घरातला फ्यूज का उडतो हे मुले मग जन्मात विसरणार नाहीत.

आता दुसरी बाजू. पत्रांत सगळे जण ‘प्लग-इन’ हाच शब्द लिहितात, पण आजच्या बहुतेक तक्रारी खऱ्या प्लग-इनच्या नसतात. त्या एक्स्टेन्शनच्या असतात. एक्स्टेन्शन म्हणजे आपण हौसेने किंवा सोयीसाठी ब्राउजरला जोडलेली छोटी साधने: जाहिराती अडवणारे, व्हिडिओ उतरवून घेणारे, इंग्रजी व्याकरण तपासणारे, कूपन शोधणारे. जुन्या प्लग-इनची अडचण अशी की ते नसते म्हणून धडा चालत नाही. एक्स्टेन्शनची उलट: ते असते म्हणून धडा चालत नाही.

हे ओळखायची खूण सोपी आहे. तोच धडा फोनमधल्या क्रोमवर उघडून पाहा. अँड्रॉइडच्या क्रोमला एक्स्टेन्शन जोडताच येत नाहीत. फोनवर चालले आणि संगणकावर नाही, तर संशय एक्स्टेन्शनवर घ्यायला हरकत नाही. पुष्कळ जण या कामासाठी गुप्त खिडकी, म्हणजे इन्कॉग्निटो, उघडायला सांगतात. ते निम्मे बरोबर आहे. गुप्त खिडकीत एक्स्टेन्शन आपण परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत हे खरे; पण क्रोमची गुप्त खिडकी दुसऱ्या साइटच्या कुकीजही अडवते, आणि काही धडे त्याच कारणाने तिथे उघडत नाहीत. मग माणूस समजतो की एक्स्टेन्शनचा दोष नव्हता. त्यापेक्षा ब्राउजरमध्ये नवे प्रोफाइल करावे. उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर दाबून नवे माणूस जोडल्यासारखे ते जोडता येते. फायरफॉक्समध्ये मदतीच्या यादीत ‘ट्रबलशूट मोड’ आहे.

आमचे तर सरळ मत आहे की अभ्यासासाठी वेगळे प्रोफाइल कायमचेच ठेवावे. त्याला नाव द्यावे ‘अभ्यास’, आणि त्यात एकही एक्स्टेन्शन घालू नये. एका संगणकावर आपा बी.एड. करते, भाईजान हिशेब लिहितो, लहानगे कार्टून पाहते, अशा घरात हे फार उपयोगी पडते. एकाने जोडलेले दुसऱ्याच्या आड येत नाही.

वेगळे प्रोफाइल नको असेल तर एक्स्टेन्शनच्या यादीत जाऊन सगळी बंद करावीत, धडा चालतो का पाहावे, मग एकेक चालू करत जावे. ज्याच्यानंतर धडा बिघडला तोच दोषी. बहुतेक वेळा तो जाहिराती अडवणारा असतो. विद्यार्थ्याने व्हिडिओ किती पाहिला हे मोजणारा निरोप धडा संस्थेच्या सर्व्हरला पाठवत असतो, आणि जाहिराती मोजणारे निरोपही दिसायला तसेच असतात. अडवणाऱ्याला दोघांतला फरक कळत नाही. म्हणून व्हिडिओ पूर्ण पाहूनही शून्य टक्के दिसते. जाहिराती अडवणारे काढून टाकायची गरज नाही, फक्त शिक्षणाच्या त्या साइटपुरते ते थांबवावे. त्याच्या चिन्हावर दाबले की तशी सोय असते. मुले वापरतात त्या संगणकावर ते असलेले आम्हाला बरेच वाटते.

पण एक गुन्हेगार असा आहे की त्याच्यावर कोणाचा संशयच जात नाही, कारण तो मदतीला आलेला असतो. तो म्हणजे ब्राउजरचे आपोआप भाषांतर. अभ्यासक्रम इंग्रजीत, म्हणून आपण पान मराठीत करून घेतो. वाचायला सोपे जाते. पण भाषांतर करताना ब्राउजर पानातली मूळ अक्षरे उचलून त्या जागी नवी बसवतो, आणि आतली रचना हलते. हल्लीच्या पुष्कळ साइटी स्वतःच्या पानातला प्रत्येक तुकडा नेमका कुठे आहे याची टिपण ठेवून चालतात. तो तुकडा जागेवर सापडला नाही की त्या गोंधळतात: ‘पुढे’ हे बटन दाबले जात नाही, निवडलेले उत्तर बदलत नाही, कधी अख्खे पान कोरे होते. चाचणी मध्येच अडकली अशी जी पत्रे येतात, त्यांत हे कारण आम्हाला वारंवार सापडले आहे.

आणि पान चालले तरी भाषांतर चाचणीत दगा देऊ शकते. गणितातला ‘मीन’ म्हणजे सरासरी. यंत्र त्याचा ‘अर्थ’ करू शकते किंवा ‘नीच’. ‘पॉवर’ म्हणजे घातांक. त्याची ‘शक्ती’ होते. चार पर्यायांपैकी दोन भाषांतरात एकसारखेच दिसले तर मुलीने काय निवडावे? म्हणून धडा वाचताना हवे तर भाषांतर घ्या, पण चाचणीचे पान उघडण्याआधी ते बंद करा. भाषांतराच्या छोट्या चौकटीत तीन ठिपक्यांखाली ‘या साइटचे भाषांतर कधीच करू नका’ असा पर्याय असतो. एखादा शब्द अडला तर तेवढाच फोनवर पाहावा. व्याकरण तपासणाऱ्या एक्स्टेन्शनचेही असेच. उत्तर लिहायच्या चौकटीत ते मध्येच हात घालते. मोठे उत्तर आधी वहीत किंवा नोटपॅडमध्ये लिहून मग चिकटवावे, म्हणजे पान गेले तरी उत्तर जात नाही.

तिसरी अडचण दिसायला प्लग-इनसारखी, पण तीही परवानगीची. काही धडे नव्या छोट्या खिडकीत उघडतात. ब्राउजरला ती जाहिरात वाटते आणि तो अडवतो. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला एक बारीक चिन्ह येते, ते कोणी पाहत नाही. त्यावर दाबून त्या साइटला कायमची परवानगी द्यावी. काही धडे संस्थेच्या पानावर दिसतात पण खरे दुसऱ्याच कंपनीच्या साइटवरून येतात, एका दुकानात दुसऱ्याने टेबल मांडावे तसे. त्या दुसऱ्या साइटला आपली ओळख पटायला कुकी लागते. सफारी अशा परक्या कुकीज २०२० पासून मुळातच अडवते. इतर ब्राउजरमध्ये ते आपल्या सेटिंगवर असते. क्रोममध्ये पट्टीत डोळ्याचे चिन्ह, फायरफॉक्समध्ये ढालीचे. तिथे फक्त त्या साइटपुरती सूट देता येते. सगळ्या जगाला सूट देऊ नये. ऑनलाइन वर्गात आवाज जात नाही ही तक्रारही याच घरची. आपली दादी रोज संध्याकाळी तजवीदच्या वर्गाला बसते आणि उस्ताद म्हणतात, “आवाज येत नाही”. तेव्हा मायक्रोफोन बिघडलेला नसतो. पहिल्याच दिवशी घाईत कोणी तरी परवानगीच्या चौकटीत ‘नको’ दाबलेले असते. पत्त्याच्या सुरुवातीच्या चिन्हावर दाबून ते बदलावे आणि पान पुन्हा उघडावे.

धडा पूर्ण करूनही नोंद होत नाही, यामागे आणखी एक कारण असते. ‘स्कॉर्म’ नावाचा एक जुना ठराव आहे. धड्याने शिक्षण-साइटशी कसे बोलायचे याचे ते नियम. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ ची, आणि ती अजून सर्रास वापरात आहे. त्यात विद्यार्थी कुठवर आला हे लिहून ठेवायला फक्त ४,०९६ अक्षरांची जागा असते. लांबलचक धड्यात ती भरून जाते आणि पुढची प्रगती साठतच नाही. हे विद्यार्थ्याच्या हाती नाही. हाती आहे ते एवढेच: धडा संपला की ‘बाहेर पडा’ हे बटन दाबूनच बाहेर यावे, छोटी खिडकी तोडून किंवा लॅपटॉपचे झाकण मिटून उठू नये. शेवटचा निरोप त्या बटनानेच जातो. लाइट जाणाऱ्या गावांत अर्ध्या धड्यात एकदा बाहेर पडून परत आत जावे.

जुन्या संगणकांचे एक वेगळे दुखणे आहे. पडद्यावर ‘तुमचे कनेक्शन सुरक्षित नाही’ असे लाल अक्षरात येते आणि एकही साइट उघडत नाही. घड्याळ पाहावे. तारीख कित्येक वर्षे मागची निघते. आत नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२ नावाचा. तो संपला की संगणक बंद केल्यावर तारीख विसरतो, आणि तारीख चुकली की सुरक्षिततेची प्रमाणपत्रे जुळत नाहीत. हा सेल किरकोळ किमतीत मिळतो. याच तक्रारीवर कोणी हजारोंचे काम काढले तर आधी घड्याळ दाखवावे. विंडोज ७ असेल तर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, तीही जानेवारी २०२३ ची. त्यापुढे नवे क्रोम त्यावर येत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा वेळी मशीन बदलण्याचा प्रश्न खरोखर येतो, पण तो वेगळ्या कारणाने.

एक्स्टेन्शन जोडताना ‘सर्व साइटवरील तुमची सर्व माहिती वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी ते मागते, आणि आपण न वाचता हो म्हणतो. याच संगणकावर बँक असते, स्कॉलरशिपचे अर्ज असतात, मुलींचे फोटो असतात. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचे एक एक्स्टेन्शन होते, न वापरलेली पाने झोपवून संगणक हलका करणारे. लाखो लोक वापरत, चांगलेही होते. २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्या कोणाला दिले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक भाग सापडला म्हणून गूगलने ते बंद केले. वापरणाऱ्यांनी काहीच नवे बसवलेले नव्हते. घरात होते तेच बदलले होते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी यादी उघडून जे लागत नाही ते काढावे.

शेवटी परीक्षेविषयी, कारण तीन भगिनींनी एकाच गोष्टीबद्दल विचारले आहे. घरून परीक्षा घेताना काही संस्था कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणारे एक्स्टेन्शन किंवा वेगळा ब्राउजर बसवायला लावतात. सेफ एक्झाम ब्राउजर हा त्यातला एक, स्वित्झर्लंडच्या ईटीएच झ्युरिक या विद्यापीठात घडलेला. तो विंडोज, मॅक आणि आयपॅडवर चालतो, अँड्रॉइड फोनवर नाही; हे परीक्षेच्या सकाळी कळून चालत नाही. संस्थेने दिलेल्या दुव्यावरूनच बसवावा, शोधून सापडलेल्यावरून नाही. सराव चाचणी चुकवू नये. परीक्षा झाली की एक्स्टेन्शन त्याच दिवशी काढून टाकावे.

ओळख पटवताना चेहरा दाखवावा लागतो, काही ठिकाणी कान उघडे ठेवा असेही सांगतात, आणि सगळे रेकॉर्ड होते. नकाब घेणाऱ्या मुलींनी हे ऐन वेळी ऐकून गोंधळून जाऊ नये. किमान दोन आठवडे आधी संस्थेला लेखी विचारावे: ओळख तपासणारी स्त्री असू शकेल का, डोक्यावर ओढणी चालेल का, रेकॉर्डिंग कोण पाहते आणि किती दिवस ठेवते. उत्तर ई-मेलवर घ्यावे, त्याची प्रत काढून परीक्षेच्या टेबलाजवळ ठेवावी. संगणक अशा खोलीत ठेवावा जिथून घरातले कोणी कॅमेऱ्यासमोरून जाणार नाही. मागून लहान भाऊ डोकावला तरी काही प्रोग्राम त्याची नोंद करतात. आणि घरातल्या मंडळींनी त्या दोन तासांत त्याच इंटरनेटवर क्रिकेट लावू नये, ही आमची हात जोडून विनंती.